काळ्या मातीत जुनी जीप

पावसाळ्यात सोनपेठच्या काळ्या मातीतून कापडाचे गठ्ठे खेड्यात पोहोचवायचे म्हणजे परीक्षाच. म्हणून मी जुनी फोर-व्हील जीप घेतली. ही जीप भारतात जुळवली ती महिंद्राने. १९४५ साली या कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आमच्या तरुण व्यापाऱ्यांना ठाऊक नसते.

पहिली चूक माझीच. रुबाबासाठी मोठे, रुंद टायर बसवले. टायर मोठा झाला की गिअरची ओढ कमी पडते, ब्रेकवर भार येतो. गाडी चिखलात रुतलीच, गठ्ठेही भिजले. मग मूळ मापाचे, पण खोल व मोकळ्या नक्षीचे टायर घेतले. त्यात चिखल अडकून राहत नाही. चिखलात हवा थोडी कमी करावी, डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. लो गिअर चिखलात शिरण्यापूर्वीच टाकावा.

इंजिन बदलायची हौस असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी. मूळ नमुन्यात फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. घेताना चासीचा नंबर कागदाशी ताडून पाहावा, पाटे तपासावेत. रंगाचे नंतर बघता येते.