फोटोत पांढरी दिसणारी बाहुली

बदलापूर स्थानकाबाहेरचा फोटो स्टुडिओ असो, उल्हासनगरमधले कपड्यांचे दुकान असो किंवा अंबरनाथमधले ब्युटी पार्लर, स्टँडवर बसवलेली दिव्याची गोल कडी आता सगळीकडे दिसते. कडीच्या मधोमध मोबाइल अडकवायचा आणि समोर उभे राहायचे. चेहऱ्यावर सावली पडत नाही, सुरकुत्या लपतात आणि डोळ्यांत चमकणारी गोल कडी फोटोला वेगळाच उठाव देते. बारसे, जावळ, पहिला वाढदिवस अशा प्रसंगी बाळाचे शेकडो फोटो निघतात. त्यातल्या एखाद्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते. ‘फ्लॅश आला’ म्हणून तो फोटो काढून टाकला जातो किंवा संगणकावर ती चमक पुसली जाते. काही वेळा मात्र पुसली गेलेली ती चमक आजाराची पहिली खूण असते.

या गोल दिव्याचा जन्मच वैद्यकीय गरजेतून झाला. तोंडाच्या आत प्रकाश नीट पोचत नाही, बाजूने फ्लॅश मारला तर गालाची आणि ओठांची सावली दातांवर पडते. ही अडचण सोडवण्यासाठी अमेरिकेत लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश तयार केला. दातांचे, त्वचेचे, शस्त्रक्रियेचे फोटो काढायला तो उपयोगी ठरला. फॅशनच्या छायाचित्रकारांनी तो नंतर उचलला आणि आजचा एलईडी रिंग लाइट हा त्याचाच दूरचा भाऊ.

बाहुली लाल का दिसते?

डोळ्याची बाहुली म्हणजे खरे तर एक छिद्र. त्यातून आत गेलेला प्रकाश डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर पडतो आणि त्यातला थोडा आल्या वाटेनेच परत फिरतो. एरवी आपण दुसऱ्याच्या डोळ्यात पाहतो तेव्हा आपले डोके त्या वाटेत आलेले असते, म्हणून बाहुली काळी दिसते. डोळ्याच्या आत पाहायचे तर नजर आणि प्रकाश एकाच रेषेत हवेत, हे तत्त्व वापरून जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्र लोकांसमोर आणले.

फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की कॅमेराही तेच काम करतो. दृष्टिपटलामागे रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. त्यावरून परतलेला प्रकाश लालसर दिसतो. आपल्याकडे डोळ्यातील रंगद्रव्य जास्त असल्याने तो बऱ्याचदा मंद, नारिंगी-तपकिरी असतो. फोटोग्राफर या ‘रेड आय’ला वैतागतात, डॉक्टरांना मात्र दोन्ही डोळ्यांत सारखी दिसणारी ही लाली हवीहवीशी वाटते. प्रकाशाची वाट आतपर्यंत मोकळी आहे, असे ती सांगते.

येथे रिंग फ्लॅश आणि रिंग लाइट यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. लेन्सवर बसणारा छोटा रिंग फ्लॅश मध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर असतो. मीटरभर अंतरावरून त्याचा प्रकाश लेन्सच्या रेषेशी जेमतेम अडीच-तीन अंशांचा कोन करतो, त्यामुळे बाहुली लाल दिसू शकते. अठरा इंची रिंग लाइटमध्ये हाच कोन बारा अंशांच्या पुढे जातो. शिवाय तो सतत पेटलेला असल्याने बाहुली आकसते. म्हणून रिंग लाइटच्या फोटोत डोळ्याचा आतला भाग दिसतच नाही. मोबाइलचा साधा फ्लॅश लेन्सपासून एक-दोन सेंटिमीटरवरच असतो. बाळाच्या डोळ्यासाठी महागड्या दिव्यापेक्षा तोच जास्त बोलका ठरतो.

लालीऐवजी पांढरी चमक

परतणारा प्रकाश पांढरा किंवा पिवळट दिसला तर वाटेत काहीतरी आहे, असा संशय घ्यावा लागतो. कधी तो जन्मजात मोतीबिंदू असतो. त्यावर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते; उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही आणि पुढे मोतीबिंदू काढूनही नजर येत नाही. कधी दृष्टिपटल सुटलेले असते. आणि कधी तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग असतो.

हा कर्करोग साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. बाळाला वेदना नसतात, एका डोळ्याने दिसत असल्याने ते खेळते, खाते-पिते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पांढरी बाहुली ही त्याची सर्वांत जास्त आढळणारी खूण, त्याखालोखाल तिरळेपणा. वेळेत निदान झाले तर जवळजवळ सर्व मुले वाचतात आणि अनेकांचा डोळाही वाचतो. लेसर, अतिशीत उपचार, केमोथेरपी असे मार्ग आहेत. गाठ मोठी झाली तर जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. ती डोळ्याबाहेर, मेंदूकडे पसरली तर मात्र मूल वाचवणेही अवघड होते.

अमेरिकेत बेलर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. निदानानंतर त्यांनी घरातले जुने फोटो चाळले, तेव्हा पांढरी चमक आधीच्या फोटोंतही दिसली. त्यातून त्यांनी अशी चमक ओळखणारे मोबाइल ॲप तयार करवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोळ्याचा आजार असलेल्या २० मुलांपैकी ८० टक्के मुलांच्या फोटोंत ॲपला ही चमक निदानापूर्वी सरासरी १.३ वर्षे आधी सापडली.

आपल्याकडे हा वेळ वेगळ्याच कारणांनी वाया जातो. ‘डोळ्यात फूल पडलंय’, ‘नजर लागली’, ‘मोठा झाला की जाईल’ अशी समजूत घातली जाते. डोळ्यात मध, आईचे दूध किंवा काजळ घातले जाते. यातल्या कशानेही डोळ्याच्या आतली गाठ थांबत नाही, उलट जंतुसंसर्गाची भर पडू शकते.

घरी काय पाहावे?

खोलीतला उजेड कमी करावा. मोबाइलचा फ्लॅश सुरू ठेवून, ‘रेड आय’ कमी करण्याची सोय असल्यास ती बंद करून, मीटर-दीड मीटरवरून चार-पाच फोटो काढावेत. बाळाने कॅमेऱ्याकडे पाहिलेले फोटो निवडून दोन्ही बाहुल्यांची तुलना करावी. फ्लॅशच्या क्षणिक उजेडाने बाळाचे डोळे खराब होतात, ही भीती बाळगू नये. बुबुळावर उमटणारा छोटा ठिपकाही पाहावा. तो दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी नसेल तर तिरळेपणाची शक्यता असते.

प्रत्येक पांढरी चमक म्हणजे कर्करोग नव्हे. बाळाची नजर थोडी नाकाकडे वळलेली असेल, तर प्रकाश डोळ्याच्या नसेच्या फिकट टोकावरून परततो आणि निरोगी बाहुलीही पांढरी दिसते. पण हा फरक घरी ठरवण्याचा नाही. एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा चमक दिसली तर आठवड्याच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि फोटो सोबत न्यावेत. फोटो चांगले आले म्हणजे डोळे निरोगी, असेही धरू नये. छोटी किंवा कडेची गाठ फोटोत दिसत नाही.

अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची मोफत तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, तेथेही शंका सांगता येते. कर्करोगाचा संशय आल्यास परळचे टाटा रुग्णालय बदलापूरहून लोकलच्या अंतरावर आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. आजार आनुवंशिक असू शकतो, त्यामुळे अशा बाळाच्या भावंडांचे डोळेही तपासून घ्यावे लागतात.

बाळांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचालकांनी एक सवय लावून घ्यावी. एका डोळ्यातली पांढरी चमक दुरुस्त करण्यापूर्वी मूळ फोटो आईवडिलांना दाखवावा आणि ‘एकदा डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगावे.