हा फोटो कसा मिळाला?

मे सरत आला की मोबाइलवर काजव्यांचे फोटो यायला लागतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. मागे निळसर काळोख आणि झाडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळे-हिरवे ठिपके. ते पाहून लोक गाड्या काढतात, रात्री तिथे पोचतात आणि पुष्कळदा हिरमुसतात. काजवे असतात, भरपूर असतात. पण फोटोतल्यासारखे दिसत नाहीत. कारण तो फोटो एका क्षणाचा नसतोच.

तो असा होतो. संधिप्रकाश असतानाच ट्रायपॉड पक्का रोवून झाडाची एक फ्रेम घ्यायची. मग कॅमेरा तसूभरही न हलवता, गडद अंधार झाल्यावर तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेत राहायच्या. शंभर फ्रेम झाल्या म्हणजे पन्नास मिनिटं झाली. घरी येऊन त्या सगळ्या संगणकावर एकावर एक रचायच्या, म्हणजे स्टॅकिंग करायचं. प्रत्येक फ्रेममधला उजेड तेवढा वर उमटतो आणि पन्नास मिनिटांतली सगळी लुकलुक एका चित्रात गोळा होते. चौकटीतून उडत गेलेला एकच काजवा ठिपक्यांची अख्खी रांग ठेवून जातो.

यात लबाडी काहीच नाही. मात्र फोटो देताना एवढं सांगायला हवं, आणि सांगितलं की फोटो कमी नव्हे, जास्तच आवडतो. ज्यांनी अशा रात्री जागवल्या आहेत ते बोलायला लागले की मी ऐकतच राहते. एखाद्या गाडीचा हेडलाइट झाडावरून फिरला की ती फ्रेम कशी वाया जाते, हे ते सांगतात. आणि काजव्यांचं काय होतं, हेही. नर उडता उडता चमकतो, झुडपात बसलेली मादी चमकून उत्तर देते. जोडीदार शोधायची ही खूण टॉर्चच्या उजेडात पुसली जाते. प्रौढ काजव्याला आयुष्य मिळतं जेमतेम काही आठवडे. त्याआधीचा दीर्घ काळ तो अळीच्या रूपात ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. त्यामुळे झाडाखालची जमीन गाड्यांनी तुडवली गेली की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपतात. हौशी माणसाला हे कळलं ते त्या झाडाखाली तासन्‌तास अंधारात बसल्यामुळे. मला तर वाटतं, चित्रामागची ही हकिकत चित्राचाच भाग आहे, आणि ती सांगणं ही हौशी छायाचित्रकाराची जबाबदारी आहे. त्याच्या मागे ना गिऱ्हाईक असतं, ना छपाईची घाई. सगळं सांगायला त्याच्याइतकं मोकळं दुसरं कोणी नाही.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही. नारायण दाजी व्यवसायाने डॉक्टर, पण कॅमेऱ्यात रमलेले. काचेच्या पट्ट्या, रसायनं, अंधारखोली असा सगळा खटाटोप करून त्यांनी मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रं काढली. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून एक मासिकमाला चालवली. तिचं नावच मुळी ‘इंडियन अ‍ॅमेचर्स फोटोग्राफिक अल्बम’. प्रत्येक अंकात मूळ छायाचित्रांचे ठसे चिकटवलेले आणि सोबत छापील माहिती. चित्र आणि हकिकत शेजारी शेजारी ठेवायची ही पद्धत इतकी जुनी आहे.

पण याच जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईतल्या लोकसमूहांवर दोन खंड काढले, ते नीट पाहण्यासारखे आहेत. माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि पाठीमागचं दृश्य दुसऱ्याच ठिकाणचं; दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. पाहणाऱ्याला वाटावं की ही मंडळी खरोखरच तिथे उभी होती. फोटोशॉप यायच्या सव्वाशे वर्षं आधीची ही गोष्ट!

सह्याद्रीतल्या हौशी मंडळींना विचाराल, तर सगळ्यांच्या मनातला फोटो एकच निघेल : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि खाली कोकणातून ढग वर चढत कड्याला भिडलेले असतात. अशा वेळी समोरच्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल कडं उमटतं. ढगातले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब प्रकाश उलट दिशेला, म्हणजे पाहणाऱ्याकडेच, परत पाठवतात म्हणून हे घडतं. थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद आहे. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. साइक्सकडे शब्दांखेरीज काही नव्हतं, आणि ते त्याने नेमके वापरले.

या फोटोत एक गंमत दडलेली असते, ती काढणाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. कड्यावर चौघे शेजारी शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच सावलीभोवती. फोटोत चार सावल्या आल्या तर रंगीत कड्याच्या मध्यावर जी सावली असेल, ती कॅमेरा धरलेल्या माणसाची. म्हणजे फोटो काढणारा सहसा फोटोत नसतो. इथे मात्र तो बरोबर मधोमध असतो. आणि एवढं करून खेळ काही मिनिटांचा. ढग विरले की कडं गेलं. रिकाम्या हाताने गड उतरलेल्यांच्या हकिकती मला जमलेल्या फोटोइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण वारा कुठून होता, ढग किती खाली होता, ऊन किती वाजता आलं, हे सगळं त्यांत असतं.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी फोटोत हिरवीगार दिसते. डोळ्यांना ती फिकट, पांढुरकी भासते. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत, कॅमेऱ्याला येतात. खरं कुठलं? दोन्ही. फक्त शटर किती वेळ उघडं होतं ते लिहावं.

हकिकत खोटी निघाली की मात्र सगळंच कोसळतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च मान फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला मिळाला होता. तो जंगली नसून माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि बक्षीस रद्द झालं. पुढे २०१७ मधलं एक विजेतं चित्र असंच गेलं. ब्राझीलमधलं चमचमतं वारूळ आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ. वारुळातला उजेड खरा होता, तो तिथल्या कीटकांच्या अळ्यांचा असतो. मुंगीखाऊ मात्र पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण त्यानंतर त्या चित्रांकडे पूर्वीसारखं कोण पाहणार?

याच स्पर्धेत २०१६ मध्ये मुंबईच्या नयन खानोलकरांच्या चित्राला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतली अरुंद बोळ आणि तीतून शांतपणे चाललेला बिबट्या. कॅमेरा ट्रॅप लावून, फ्लॅशचा उजेड बोळीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखा राहील अशी मांडणी करून, ते कित्येक महिने थांबले. चित्रामागे वारली लोकांचं बिबट्यासोबतचं जगणं आहे. ते ठाऊक नसलेल्याला या फोटोत भीती दिसेल. ठाऊक असलेल्याला शेजार दिसतो.

आता एक अवघड प्रश्न : सगळं म्हणजे अगदी सगळं सांगायचं का? माझं उत्तर, नाही. घरट्याची जागा सांगू नये. कड्याच्या एखाद्या टप्प्यावरच उगवणारं दुर्मीळ कंदीलपुष्प नेमकं कुठे सापडलं, हे जाहीर करू नये. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे फुलांपेक्षा माणसंच दाटलेली बघितली की असं का म्हणते ते पटेल. जाणती मंडळी म्हणूनच तारीख, वेळ, लेन्स, अंतर, हवा असं सगळं लिहितात आणि ठिकाणापुढे तालुक्याचं नाव टाकून थांबतात.

याने नोंदीचं मोल कमी होत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदस्थळावर संकटग्रस्त जातीचा फोटो चढवला की नेमका बिंदू आपोआप झाकला जातो आणि लोकांना नकाशावर एक मोठा चौकोन तेवढा दिसतो. त्या कंदीलपुष्पाचा फोटो तुमच्याकडे असेल तर तारखेसकट तिथे जरूर चढवा. यंदा ते कधी फुललं, हे अभ्यासकांना त्यावरूनच कळणार आहे.