ध्रुवण मोजणारे स्फटिक

आकाशातील क्ष-किरण व गॅमा किरणांच्या उगमांविषयी जे काही ज्ञात आहे, ते बहुतांशी तीन मोजमापांतून आलेले आहे: किरण कोणत्या दिशेने आले, कोणत्या क्षणी आले आणि त्यांची ऊर्जा किती होती. चौथे मोजमाप ध्रुवणाचे, म्हणजे किरणांच्या विद्युत् क्षेत्राचे कंपन एखाद्या विशिष्ट दिशेकडे किती कललेले आहे याचे. उगमाजवळील चुंबकीय क्षेत्राची ठेवण त्यातून कळू शकते. मात्र ते इतके अवघड आहे की, ‘ओएसओ-8’ या अमेरिकी उपग्रहाने 1970च्या दशकात क्रॅब अभ्रिकेचे क्ष-किरण सुमारे 19 टक्के ध्रुवित असल्याचे दाखवल्यानंतर कित्येक दशके त्यात फारच थोडी भर पडली. त्या भरीत ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय, म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, या उपकरणाचा वाटा मोलाचा आहे, आणि तरीही त्याचे मुख्य काम हे नव्हेच.

28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेलेले हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली घडले, आणि त्याच्याकडून येणाऱ्या माहितीवरील संस्करणाची जबाबदारी पुण्याच्या ‘आयुका’कडे आली. भोकांची ठरावीक नक्षी असलेल्या टँटलमच्या पत्र्याची सावली स्फटिकांवर कशी पडते, यावरून 20 ते 150 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या उगमांच्या प्रतिमा घेणे, हे त्याचे नेमून दिलेले काम होय.

ध्रुवणमापन शक्य झाले ते स्फटिकांच्या 5 मिलिमीटर जाडीमुळे. अशा 64 स्फटिकपट्ट्या असून प्रत्येकीवर 256 पिक्सेल, म्हणजे स्वतंत्रपणे नोंद घेणारे सुमारे अडीच मिलिमीटरचे चौकोन, आहेत. 100 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा फोटॉन अशा स्फटिकात शिरला की काही वेळा एका पिक्सेलमधील इलेक्ट्रॉनला धडकून तो वळतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. यालाच कॉम्प्टन प्रकीर्णन म्हणतात. 200 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन काटकोनात वळला तर इलेक्ट्रॉनला सुमारे 56 देऊन उरलेले 144 पुढे नेतो, त्यामुळे दोन जवळजवळ एकाच क्षणीच्या नोंदींपैकी लहान नोंद धडकेची आणि मोठी शोषणाची, हे ओळखता येते. वळण्याची दिशा मात्र सर्वस्वी स्वैर नसते: फोटॉन आपल्या विद्युत् क्षेत्राला लंब दिशेने वळणे अधिक पसंत करतो. बुद्धिबळाच्या पटावरील राजाप्रमाणे प्रत्येक पिक्सेलभोवती आठ घरे असतात, आणि त्यांपैकी कोणत्या घरांत किती फोटॉन गेले याची मोजदाद हेच ध्रुवणमापन.

तत्त्व सोपे असले तरी फसगतीला येथे भरपूर वाव आहे. कोपऱ्यातील घरे पिक्सेलला केवळ एका बिंदूत स्पर्श करतात, म्हणून तेथे मुळातच कमी फोटॉन पोहोचतात. ही विषमता हिशेबातून वजा केली नाही, तर अध्रुवित किरणही ध्रुवित भासू शकतात. शिवाय ध्रुवणाचे प्रमाण कधी ऋण नसते, त्यामुळे केवळ सांख्यिकीय चढउतारही काही ना काही ध्रुवण दाखवतातच. 2002 मधील एका गॅमा किरण स्फोटाच्या ‘रेसी’ उपग्रहाने टिपलेल्या नोंदींतून सुमारे 80 टक्के ध्रुवणाचा दावा 2003 मध्ये झाला, आणि पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी त्याच नोंदी तपासून असे काहीच सिद्ध होत नसल्याचे दाखवले. सीझेडटीआयची क्षमता उड्डाणापूर्वीच जमिनीवर अध्रुवित आणि अंशतः ध्रुवित अशा दोन्ही किरणांवर पारखली गेली होती, ही बाब म्हणूनच उपकरणाच्या आकड्यांहून अधिक महत्त्वाची मानावी लागते.

1054 साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष असलेल्या क्रॅब अभ्रिकेकडे हे उपकरण एकूण सुमारे 8 लाख सेकंद रोखून धरले गेले, तेव्हा 100 ते 380 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात जवळपास 33 टक्के ध्रुवण मिळाले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील खरी चकित करणारी बाब वेगळीच होती. अभ्रिकेच्या केंद्रातील स्पंदक, म्हणजे सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, प्रत्येक फेरीत दोन झोत दाखवतो, आणि त्यांच्यामधल्या मंद काळात येणारे किरण केवळ स्थिर अभ्रिकेचे असतात, असे समजले जात होते. तसे असते तर त्या काळातील ध्रुवण एकसारखे राहिले असते. प्रत्यक्षात ते बदलताना आढळले, आणि स्पंदकाच्या प्रारणाविषयीच्या प्रचलित सिद्धान्तांपैकी कोणताही या बदलाचा समाधानकारक उलगडा करू शकला नाही.