संगणकाच्या आज्ञेंत चालणारें पातें

तुमच्या घरीं किंवा ओळखीच्या कचेरींत वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा संगणक धूळ खात पडला असेल, तर त्याची पाठ एकदां वळवून पाहा. तेथें बहुधा पंचवीस भोकांची एक लांबट खोबण दिसेल. ती प्रिंटर जोडण्यासाठीं केलेली असे. तिला पॅरलल पोर्ट, म्हणजे समांतर द्वार, असें म्हणतात. प्रिंटर आतां निराळ्या तारेनें जोडले जातात, म्हणून नव्या संगणकांत हा पोर्ट सहसा आढळत नाहीं. आणि जुना संगणक भंगारांत गेला कीं त्याबरोबर तोही जातो. परंतु ह्याच पोर्टांतून लाकूड, प्लायवुड किंवा अॅक्रिलिक कापणारें यंत्र मोजूनमापून चालवितां येतें. तें कसें, आणि तसें करितांना कोणती खबरदारी घ्यावी, हें आम्ही ह्या लेखांत सांगणार आहों. पालकांनींही तो वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण ह्या कामांत पैशाचा प्रश्न थोडा आणि बोटांचा प्रश्न मोठा आहे.

कर्जत-खालापूरकडील ठाकुरवाडीवर वाढलेल्या मुलाच्या हातीं कोयता लहानपणींच येतो. बांबू फोडतांना पेर कोठें आहे, धार कोणत्या अंगानें जाईल, आपला दुसरा हात कोठें आहे, हें तो डोळ्यांनीं पाहतो व हातानें जाणतो. कोयता भलतीकडे जाऊं लागला तर हात आपोआप आवरतो. यंत्राच्या पात्याला डोळे नाहींत आणि आवरणारा हातही नाहीं. आज्ञा आली कीं तें सरकतें. समोर फळी आहे कीं बोट, हा भेद त्याला कळत नाहीं. म्हणून कोयता चालविणाराच्या हातांत जें शहाणपण असतें, तें येथें पातें फिरूं लागण्यापूर्वींच तारांच्या जोडणींत व संगणकाच्या मांडणींत घालून ठेवावें लागतें. ह्या कामाला आम्ही 'जुळणी' म्हणूं.

आंकड्यांनीं यंत्र चालविण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेनें १९५२ सालीं धातु कोरणारें एक यंत्र चालवून दाखविलें. त्याला आज्ञा मिळत त्या पट्टीवर पाडलेल्या भोकांतून. असलीं यंत्रें मोठ्या कारखान्यांनाच परवडण्याजोगीं होतीं. पुढें १९७० मध्यें सेंट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीच्या प्रिंटरबरोबर आठ तारांनीं एकदम माहिती देण्याची पद्धति आली, आणि १९८१ सालच्या आयबीएमच्या लहान संगणकानें तीच पद्धति पंचवीस पिनांच्या पोर्टानें सर्वत्र नेली. प्रिंटरसाठीं केलेली ही सोय स्वस्तांत यंत्र चालवूं पाहणाऱ्या कारागिरांच्या पथ्यावर पडली.

आतां 'समांतर' ह्या शब्दाचा अर्थ पाहूं. एकाच पायवाटेनें आठ माणसें निघालीं तर त्यांना एकामागून एक जावें लागतें. आठ पायवाटा शेजारीं शेजारीं असल्या तर आठही जण एकाच क्षणीं पलीकडे पोंचतात. पॅरलल पोर्टांत क्रमांक २ पासून ९ पर्यंतच्या पिना म्हणजे अशा आठ पायवाटा होत. प्रत्येकीवर एक तर जवळजवळ शून्य व्होल्ट असतात, नाहीं तर सुमारें पांच. १०, ११, १२, १३ व १५ ह्या पांच पिनांनीं बाहेरची खबर आंत येते. १, १४, १६ व १७ ह्या चार पिनांनीं आणखी कांहीं आज्ञा बाहेर देतां येतात. १८ पासून २५ पर्यंतच्या आठ पिना परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, असतात. येणेंप्रमाणें पंचविसांचा हिशेब पुरा होतो.

संगणकाला ह्या पिना दिसत नाहींत. त्याला दिसतो तो एक पत्ता. पुष्कळशा जुन्या संगणकांत तो सोळाच्या पायावरील मोजणींत ३७८ असतो. गणितांत रुचि असलेल्यांनीं ताडून पाहावें: ३ गुणिले २५६, ७ गुणिले १६ आणि वर ८, मिळून आपल्या नेहमींच्या मोजणींत ८८८. ह्या पत्त्यावर १ हा अंक धाडला कीं क्रमांक २ ची पिन उठते. २ धाडला कीं क्रमांक ३ ची. आणि ३ धाडला कीं त्या दोन्ही. पुढील पत्त्यावर, म्हणजे ३७९ वर, आंत येणाऱ्या पांच पिनांची स्थिति वाचतां येते. पोर्ट मागाहून कार्डानें बसविला असेल तर पत्ता निराळा असतो, आणि तो संगणकाकडूनच विचारून घ्यावा लागतो. पत्ता चुकला तर आज्ञा कोणाच्याच दारीं पोंचत नाहीं.

यंत्राच्या बाजूला स्टेपर मोटर असते. साधी मोटर वीज मिळतांच गरगर फिरते. ही मात्र दर ठोक्याला एक पाऊल टाकते. सर्वसाधारण स्टेपर मोटरीचीं एका फेऱ्यांत दोनशें पावलें होतात. मोटरीला वीज पुरविणारा ड्रायव्हर एकेका पावलाचे आठ भाग करूं शकतो. मग एका फेऱ्याला सोळाशें ठोके लागतात. मोटरीनें फिरणारा आट्यांचा दांडा एका फेऱ्यांत पातें पांच मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरला तीनशें वीस ठोके झाले. हा आंकडा जुळणीचा प्राण होय. समजा, दांडा पांचाचा असून आपण तो चाराचा म्हणून लिहिला. तर संगणक मिलिमीटरला चारशें ठोके देईल, आणि शंभर मिलिमीटरांची फळी सव्वाशें मिलिमीटरांची कापली जाईल. ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. त्यानें सांगितलें तेंच केलें.

प्रत्येक मोटरीला दोन तारा पुरतात: एक ठोक्याची व दुसरी दिशेची. आडवी, उभी आणि खालवर अशा तीन मोटरींना सहा तारा लागतात, आणि आठांपैकीं दोन तारा पातें फिरविणारी मोटर चालूं-बंद करण्यासारख्या कामांना उरतात. कोणत्या पिनेवर कोणतें काम हें कागदावर लिहून भिंतीवर लावावें, आणि तीच नोंद संगणकांत करावी. कागद, तार व संगणक ह्या तिघांची साक्ष जुळली पाहिजे.

ठोके केवळ संख्येनें बरोबर असून भागत नाहीं. ते वेळेवर पडले पाहिजेत. ठोका उशिरा पडला तर मोटर अडखळते व पाऊल चुकतें, आणि चुकलेलें पाऊल ह्या साध्या रचनेंत संगणकाला कळतही नाहीं. म्हणून ह्या कामाला लिनक्सवर चालणारा लिनक्स-सीएनसी हा प्रोग्राम पुष्कळ ठिकाणीं वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या कामांतून तो वाढला, आणि तो विनामूल्य मिळतो. संगणकाला एखादें काम करण्यास जास्तींत जास्त किती विलंब लागतो हें तपासण्याची सोय त्याच्याबरोबर असते. हा विलंब एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत, म्हणजे मायक्रोसेकंदांत, मोजतात. वीस मायक्रोसेकंदांच्या आंत असला तर उत्तम. शंभरांवर गेला तर तो संगणक ह्या कामाला निरुपयोगी समजावा. संगणक दर पंचवीस मायक्रोसेकंदांनीं पिना पाहत असेल, तर पिन उठण्याला एक व बसण्याला एक अशा दोन वेळा लागून सेकंदास वीस हजार ठोके होतात. त्यांना तीनशें विसांनीं भागिलें म्हणजे सेकंदास साडेबासष्ट मिलिमीटर ही वेगाची कमाल येते. ह्याच कारणास्तव यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडून देणारी प्रिंटरची स्वस्त केबल येथें चालत नाहीं. ती छापण्याचा मजकूर पोंचविते, पण ठोक्याची वेळ सांभाळीत नाहीं.

प्रत्यक्ष जुळणीचा क्रम असा ठेवावा. संगणक सुरू होतांना जी मूळ मांडणी उघडतां येते, म्हणजे बायॉस, तींत पोर्ट चालूं आहे कीं नाहीं, त्याची कार्यपद्धति कोणती व पत्ता कोणता, हें पाहून लिहून घ्यावें. पोर्टांतून फारच थोडा प्रवाह मिळतो, म्हणून त्याला मोटर किंवा रिले थेट जोडूं नये. मध्यें ब्रेकआउट बोर्ड घालावा. त्यावर ऑप्टोकप्लर असले म्हणजे प्रकाशाच्या द्वारें निरोप पलीकडे जातो आणि यंत्राकडील विजेचा धक्का संगणकापर्यंत येत नाहीं. वीज चालूं असतांना केबल काढूं-घालूं नये. अकराव्या पिनेची खबर पोर्टांत मुळांतच उलटी नोंदली जाते. कांहीं प्रोग्राम ती आपण होऊन सुलट करून घेतात, कांहीं घेत नाहींत. म्हणून तर्कावर न विसंबतां बटण दाबून पडद्यावर काय दिसतें तें पाहावें.

ह्यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिचा धडा आपल्या घाटांतच गिरविलेला आहे. कर्जत व लोणावळा यांच्यामध्यें ठाकुरवाडी ह्या नांवाचा रेल्वेचा थांबा आहे. १८६३ सालीं खुल्या झालेल्या ह्या भोरघाटाचा उतार इतका तीव्र आहे कीं, उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला चढावर नेऊन थांबविणारे वेगळे फांटे तेथें बांधावे लागले. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. ह्या रचनेंतील शहाणपण असें कीं, रुळांचे सांधे एरवीं फांट्याकडेच वळलेले असतात. गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. संकट आलें म्हणजे धांवत जाऊन सांधा बदलूं, असा भरंवसा तेथें ठेवलेला नाहीं.

आपल्या यंत्राची रचनाही अशीच असावी. ताबडतोब थांबविण्याच्या लाल बटणाची तार एरवीं जोडलेली असावी व बटण दाबल्यावर तुटावी. म्हणजे उंदरानें तार कुरतडली तरी यंत्र थांबेल. तें बटण संगणकाला निरोप देऊन स्वस्थ बसणारें नसावें. पात्याची व मोटरींची वीज त्यानें स्वतःच तोडावी, कारण नेमका त्याच क्षणीं संगणक अडकून बसलेला असूं शकतो. संगणक सुरू होतांना पोर्टाच्या पिना वाटेल त्या स्थितींत उठतात, आणि कोणी आज्ञा न देतां पातें फिरूं लागण्याचा संभव असतो. म्हणून आधीं संगणक व मग यंत्र सुरू करावें. बंद करितांना आधीं यंत्र व मग संगणक. चांगल्या बोर्डावर आणखी एक सोय असते: संगणकाकडून एका पिनेवर अखंड ठोके येत असतील तोंवरच ती पुढें वीज सोडते. ठोके थांबले कीं वीज गेली. ही सोय म्हणजे संगणकाची कॅच सायडिंगच होय.

हें सारें शहरांतील इंजिनियरांचें काम, आमच्या मुलांचें नव्हे, असें एखाद्या पालकास वाटेल. त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ गांवाकडे पाहावें. तेथें डॉ. श्रीनाथ कालबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनीं हातांनीं काम करीत शिकावें, हा त्याचा हेतु. वर ज्या अमेरिकन संस्थेचें नांव आलें तिच्या सहकार्यानें २००२ मध्यें तेथें फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेंत चालणाऱ्या हत्यारांची कार्यशाळा, उभी राहिली. त्या संस्थेच्या बाहेर निघालेल्या अशा अगदीं पहिल्या कार्यशाळांत खेड्यांतील ह्या कार्यशाळेची गणना होते. ज्यानें बांबूचा पेर ओळखून घाव घालण्यास शिकून घेतलें, त्याला मिलिमीटरला किती ठोके हें शिकणें कठीण जाऊं नये.

शेवटीं परीक्षेविषयीं. पहिल्या दिवशीं पातें बसवूं नये. त्या जागीं पेन्सिल बांधून कागदावर शंभर मिलिमीटरांचा चौरस काढावा. चारी बाजू पट्टीनें मोजाव्या. नंतर दोन्ही कर्ण मोजावे. ते दोन्ही सुमारें १४१.४ मिलिमीटर भरले तर जुळणी बरोबर आहे. बाजू चुकली तर ठोक्यांचा हिशेब पुन्हां करावा. बाजू बरोबर असून कर्ण विषम भरले तर यंत्राची चौकट काटकोनांत नाहीं असें समजावें. मग पेन्सिल चालूं असतांनाच लाल बटण दाबून पाहावें, आणि संगणकाची केबल बोर्डाला जोडलेली नसतांना यंत्र जागचें हालत नाहीं ना, हेंही पाहावें. ह्या तिन्ही परीक्षा उतरल्यावरच, आणि जवळ जाणतें वडील माणूस उभें असतांनाच, पेन्सिल सोडून पातें बसवावें.