निळ्या कोंबड्यांचे गणित

कोंबडी म्हटली की अंडी आणि मांस यांपलीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र केवळ देखणेपणासाठी कोंबड्या जोपासण्याचा छंद दीडशे वर्षांहून अधिक काळ रुजला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ साली मोठे प्रदर्शन भरले. पुढे प्रत्येक जातीचा बांधा, तुरा व रंग कसा असावा हे सांगणारे मानक-ग्रंथ इंग्लंडमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली प्रसिद्ध झाले.

अमेरिकी ग्रंथाने अँडालुशियन जातीचा एकच रंग मान्य केला : पाटीच्या दगडासारखा निळसर राखाडी आणि प्रत्येक पिसाला लुगड्याच्या काठासारखी काळसर किनार. गंमत अशी की, नेमका हाच रंग स्थिर राहत नाही. उत्तम निळी जोडी लावली तरी पिलांपैकी सुमारे निम्मीच निळी होतात. पाव काळी, तर पाव मळकट पांढरी व ठिपकेदार. हा अशुद्ध रक्ताचा दोष समजून पालक अशी पिले बाजूला काढीत. पण कितीही पिढ्या निवड केली तरी प्रमाण बदलेना.

कोडे उलगडले ते मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा प्रकाशात आल्यावर. केंब्रिजच्या विल्यम बेटसन व रेजिनाल्ड पनेट यांनी या कोंबड्यांचा अभ्यास केला. रंग फिका करणारे जनुक एका पालकाकडून आले तर काळा रंग निळा होतो, दोघांकडून आले तर जवळजवळ पांढरा. म्हणजे निळा पक्षी मुळातच मिश्र! काळा आणि ठिपकेदार पांढरा अशी जोडी लावली, तर सगळीच पिले निळी होतात. जे पक्षी नाकारले जात होते, तेच हे देऊ शकत होते.

तरीही प्रदर्शनाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. परीक्षक किनारही पाहतो आणि काळ्या पिसावर ती दिसतच नाही. त्यामुळे काळ्या पक्ष्याची निवड त्याच्या निळ्या भावंडांवरून करावी लागते. निळ्याशी निळा असा संकर सतत केल्यास छटा फिकटत जाते, असा पालकांचा अनुभव आहे. म्हणून जाणकार चांगल्या वंशाचा काळा पक्षी खुराड्यात राखून असतात.

दिसायला जवळचा, पण वेगळा रंग म्हणजे लव्हेंडर. त्याची जोडी लव्हेंडर पिलेच देते. मात्र ऑर्पिंग्टन जातीत या रंगाबरोबर पिसे, विशेषतः शेपटीची, निकृष्ट निघण्याची तक्रार असते. उपाय म्हणून काळ्याशी संकर करतात. पहिली पिढी पूर्ण काळी! तिची लव्हेंडरशी पुन्हा जोडी लावली की निम्मी पिले लव्हेंडर होतात. एक हंगाम असा हातचा जातो, तो सोसण्याची तयारी हवी.

या दोन रंगांची गल्लत महागात पडते. निळ्या कोंबडीला लव्हेंडर कोंबडा लावला, तर पिले काळी आणि निळी निघतात. लव्हेंडर दडून राहतो आणि नातवंडांत अवचित उमटतो. हे टाळण्यासाठी पालक प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालतात आणि वंशावळीची वही ठेवतात. आपल्या खातेदारांना ती वही परकी वाटणार नाही : कोणाकडून काय जमा झाले, हे तीत ओळीने लिहिलेले असते.