तीन ठोक्यांचा हिशेब

बॉक्सिंगच्या जिममध्ये डोक्याच्या वर एक जाड गोल फळी आडवी बसवलेली असते आणि तिच्या मधोमध, स्विव्हलला अडकवलेली, थेंबाच्या आकाराची चामडी बॅग लोंबत असते. ही स्पीड बॅग. आत रबरी ब्लॅडर आणि ब्लॅडरमध्ये हवा. हेवी बॅगवर ताकद लावायची असते. इथे ताकद लावली की काम बिघडते. ठोसा बसला की बॅग फळीच्या पलीकडच्या बाजूवर आपटते, उलटून अलीकडच्या बाजूवर आपटते, पुन्हा पलीकडे जाऊन आदळते आणि मग मुठीकडे येते. एका ठोशामागे फळीवर तीन ठोके, हे सगळ्या सरावाचे मूळ.

तीनच का, ते बॅगच्या दिशेवरून कळते. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यानंतर ती मारणाऱ्याकडे येत असते. दुसऱ्यानंतर दूर निघालेली असते. दुसऱ्या ठोक्यावर हात सोडला तर मूठ पळत्या बॅगच्या मागे लागते, ठोसा बसत नाही, नुसता धक्का लागतो आणि लय तुटते. पहिल्या ठोक्यानंतर लगेच मारता येते, पण तेवढ्या वेळात हात परत आणणे नवशिक्याला जमत नाही. बॅग सुरात चालू लागली की डोळ्यांना धूसर पट्टा दिसतो, ठोके सुटे दिसतच नाहीत. कानाला मात्र ते नीट कळतात: पहिला मोठा, दुसरा जरा कमी, तिसरा हलका. म्हणून सुरुवातीला तोंडाने मोठ्याने मोजत मारणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. मोजायला लाज वाटणारे बहुधा अडखळतात.

यातच नवशिक्यांचा नेहमीचा फास आहे. बॅग हुकली की माणूस चिडून जोरात मारतो. जोरात मारली की बॅग फळीवरून वेगाने परतते. तीन ठोके लवकर संपतात आणि मूठ जागेवर यायच्या आत बॅग समोर हजर होते. पुढचा फटका आणखी हुकतो. वेळ हवा असेल तर ठोसा हलका करावा लागतो. पहिले काही दिवस तर बॅग जेमतेम तीनदा फळीला लागेल इतपतच टिचकी द्यावी.

बॅगची निवडही याच कारणाने महत्त्वाची. बाजारात सुमारे १० इंच रुंद व १३ इंच लांब अशा मोठ्या बॅगपासून ४ इंच बाय ७ इंचांच्या चिमुकल्या बॅगपर्यंत मापे मिळतात. मोठी बॅग सावकाश फिरते, छोटी झपाट्याने. शिकताना मोठी घ्यावी आणि हवा किंचित कमी ठेवावी. अंगठ्याने दाबल्यावर चामडे थोडे आत जायला हवे. उंची अशी की बॅगचा सर्वांत फुगीर भाग साधारण ओठ-नाकाच्या रेषेत येईल. त्याहून वर असली तर खांदे लवकर भरून येतात, खाली असली तर कोपर पडतात आणि चुकीची सवय जडते.

सुरुवातीला बॅगसमोर सरळ उभे राहावे, बॉक्सरच्या तिरक्या स्टान्सची घाई नको. हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या, पाय खांद्यांइतके फाकलेले, कोपर वर उचललेले आणि मूठ बॅगपासून वीतभर अंतरावर. ठोसा मुठीच्या करंगळीकडच्या कडेने, बॅगच्या फुगीर भागावर, बरोबर मधोमध. मारून झाल्यावर मूठ तशीच मागे खेचायची नाही. ती खाली उतरते, मागे येते, वर चढते आणि पुन्हा जागेवर, सायकलच्या पेडलसारखी. वर्तुळ लहान हवे. मोठे वर्तुळ काढणाऱ्याचा हात तिसऱ्या ठोक्यापर्यंत परततच नाही.

आधी एकाच हाताने एक ठोसा, तीन ठोके, हाताने बॅग थांबवणे. मग त्याच हाताने सलग. मग कमजोर हाताला तेवढाच, खरे तर जास्त वेळ. दोन्ही हात स्वतंत्रपणे चालू लागल्यावर दोन उजवे, दोन डावे, आणि शेवटी एक-एक. वेग आपोआप वाढतो, तो वाढवावा लागत नाही. बॅग तिरकी नाचू लागली तर ठोसा मधोमध बसलेला नाही असे समजावे. तिचा पाठलाग न करता ती थांबवून नव्याने सुरुवात करावी. हात बसल्यावर ३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिट विश्रांती असा मुष्टियुद्धाचा हिशेब धरता येतो.

या सरावाने ठोशाची ताकद वाढते, हा गैरसमज. खऱ्या लढतीत कोणी करंगळीच्या कडेने मारत नाही. मिळते ती खांद्यांची चिकाटी, हात वर ठेवण्याची सवय आणि नजर-हाताचा मेळ. थकल्यावर हात खाली येऊ लागतात त्या शेवटच्या फेऱ्यांत हे कामी येते. अमेरिकेत एकेकाळी बॅग वाजवणे हा रंगमंचावरचा करमणुकीचा कार्यक्रमही होता. प्रेक्षक वाहवा करत ते तालाला आणि कसरतीला. मुष्टियोद्ध्याने तेवढे शिकायची गरज नाही.

घरी बॅग लावणाऱ्यांनी आधी भिंत पाहावी. फ्लॅटमधल्या चार इंची पार्टिशनवर ही फळी टिकत नाही, आणि टिकलीच तरी शेजारी टिकत नाहीत. काँक्रीटच्या कॉलमला अँकर फास्टनरने पक्की केलेली जड फळीच सारखा ठोका देते. हलणारी फळी प्रत्येक ठोक्यातला थोडा जोर खाते आणि मोजणी फसते. स्विव्हल अडखळू लागला तर त्यात तेलाचा थेंब सोडावा. हवा भरताना पंपाची सुई कोरडी खुपसू नये, ओली करून घालावी, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. ब्लॅडर गळू लागला तर बॅग टाकून द्यायची नाही: नाडी सोडून जुना काढावा, नवा घडी घालून आत सरकवावा, थोडी हवा भरून घड्या उलगडू द्याव्यात आणि मगच नाडी आवळावी.