परवा म्हणजे नक्की कधी?

सोमवारी संध्याकाळी आईचा साताऱ्याहून फोन आला. इकडचं-तिकडचं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "आणि हो, रक्तदाबाच्या गोळ्या परवापर्यंतच." मी म्हटलं, "काळजी करू नकोस, परवा सकाळी येतोच आहे."

बुधवारी पोहोचलो, तर आई भिंतीला धरून चालत होती. गोळ्या शनिवारीच संपल्या होत्या. तीन दिवस गोळीच नाही! डॉक्टर दोघांवरही रागावले. "अहो आजी, स्पष्ट सांगायचं नाही का?" आई म्हणाली, "स्पष्टच सांगितलं की! परवापर्यंतच होत्या." फोनवर तिनं 'होत्या' हा शब्द गिळला आणि मी मनातल्या मनात तिथं 'आहेत' घातला.

हिंदीत गेलेला दिवसही 'कल' आणि येणारा दिवसही 'कल'. आपण त्याला हसतो, कारण आपल्याकडे 'काल' आणि 'उद्या' असे दोन शब्द आहेत. पण आणखी एक दिवस सरकलं, की आपलीही तीच गत. परवा मागचाही आणि पुढचाही, तेरवाही तसाच. संस्कृतातला 'परश्वः' बिचारा फक्त पुढचा दिवस सांगायचा. मराठीत कोणता परवा, हे क्रियापद सांगतं आणि बोलण्याच्या ओघात आपण नेमकं तेच गाळतो.

बरं, क्रियापद असलं म्हणून तरी कुठं भागतं? 'आलोच' हे रूप भूतकाळाचं. म्हणणारा मात्र अजून घरात मोजे शोधत असतो. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. आमच्या शेजारी कानपूरहून नव्यानं आलेल्या वहिनी हौसेनं मराठी शिकत होत्या. नळ दुरुस्त करणारा "येतो हं, वहिनी" म्हणून गेला. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि तासभर दार उघडं टाकून वाट पाहिली.

'पुढच्या रविवारी' हाही असाच घोटाळा. शुक्रवारी म्हटलं, तर दोन दिवसांनी येणारा, की त्याच्या पुढचा? 'येत्या रविवारी' म्हटलं की वाद मिटतो, पण तोंडात 'पुढचा'च येतो.

आई आता वार सांगते. मागच्या महिन्यात म्हणाली, "गोळ्या शनिवारपर्यंत."

मी विचारलं, "कुठल्या शनिवारपर्यंत?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "पाकिटात चार आहेत. आता तूच मोज."